उजळ न केलेले चेहरे

झानेले मुहोली यांच्या छायाचित्रांचे आणि चित्रफितींचे मोठे प्रदर्शन २०२४ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयात मांडलेले होते, आणि लेकीकडे मुक्काम असल्यामुळे मला ते सावकाश पाहता आले. (संग्रहालयाची इमारत मूळची वीजनिर्मिती केंद्राची आहे, दीपनगरच्या धुराड्यांजवळ वाढलेल्या भुसावळकराला तिथे थोडे घरच्यासारखे वाटले, तर नवल नाही.)

मुहोली यांचा जन्म १९७२ साली दक्षिण आफ्रिकेत, दरबानजवळच्या उमलाझी वस्तीत झाला. त्या देशाच्या १९९६ च्या राज्यघटनेने लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई केली आणि २००६ मध्ये तिथे समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यताही मिळाली. तरीही कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या समलिंगी स्त्रियांवर ‘सुधारण्याच्या’ नावाखाली बलात्कार होत राहिले, काहींचे खून झाले. कायदा आणि गल्ली यांच्यातले हे अंतर मुहोली यांच्या कामाच्या मुळाशी आहे. सुरुवातीच्या, म्हणजे २००२ ते २००६ या काळातल्या छायाचित्रांत अत्याचार सोसलेल्या व्यक्ती दिसतात, पण त्यांची ओळख राखून ठेवलेली असते: कुठे केवळ मांड्यांवर ठेवलेले हात, कुठे अंगावरचा व्रण.

त्यानंतर २००६ मध्ये ‘फेसेस अँड फेजेस’ ही मालिका सुरू झाली आणि चेहरे समोर आले. कृष्णधवल, साध्या पार्श्वभूमीवरचे, थेट कॅमेऱ्यात पाहणारे शेकडो चेहरे एका भिंतीवर ओळीने लावलेले असतात आणि मधूनमधून काही जागा मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या असतात. त्यांतल्या काही आता हयात नसलेल्यांसाठी, तर काही अजून काढायच्या असलेल्या छायाचित्रांसाठी. मुहोली या माणसांना ‘मॉडेल’ न म्हणता सहभागी म्हणतात, आणि प्रत्येक चित्राच्या शीर्षकात त्या व्यक्तीचे नाव, ठिकाण आणि साल येते. मला ही बाब फार मोठी वाटते. इंग्रजी अमदानीत १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड प्रसिद्ध झाले, त्यांत आपल्या देशातली माणसे प्रामुख्याने जातीजमातीचा नमुना म्हणून छापली गेली. माणसाला नमुना करणारे आणि माणसाला नाव देणारे यंत्र एकच असते; फरक पडतो तो कॅमेऱ्यामागे कोण उभे आहे आणि समोरच्याला काय विचारले गेले आहे, यामुळे.

पुढच्या दालनात मुहोली यांची स्वतःचीच छायाचित्रे होती. या मालिकेच्या झुलू नावाचा अर्थ ‘काळ्या सिंहिणीचा जयजयकार’ असा होतो. छायाचित्र तयार करताना प्रकाश-छायेतला विरोध वाढवून त्वचा आहे त्याहून अधिक काळी केलेली असते, इतकी की त्यातून डोळ्यांचे पांढरे तेवढे आधी आपल्यापर्यंत पोहोचतात. एका चित्रात केसांत आणि कानांवर कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावलेले आहेत. ते गोऱ्या कुटुंबात कित्येक वर्षे घरकाम केलेल्या आईच्या, बेस्टर यांच्या, आठवणीचे आहे हे कळल्यावर राणीच्या मुकुटासारखा दिसणारा तो साज निराळाच वाटू लागतो.

या दालनात मी सर्वांत जास्त वेळ थांबलो, कारण आमच्याकडे नेमके याच्या उलट चालते. लग्नाच्या फोटोसाठी आलेल्या मुलीची आई ‘दादा, जरा उजळ करा’ असे स्टुडिओवाल्याला सांगते आणि तो न विचारता करतोच. खानदेशच्या उन्हात राबलेला चेहरा कागदावर मात्र गव्हाळ होऊन येतो. रंग, जात आणि लैंगिक ओळख यांचे ओझे एकाच अंगावर असेल, तर किती गोष्टी ‘उजळून’ घ्याव्या लागतील, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

चित्रफितींमध्ये काही सहभागी स्वतःबद्दल बोलतात. छायाचित्रात जे धीट दिसतात त्यांचा आवाज मध्येच अडखळतो, आणि मला तेच जास्त पटले. अन्यथा इतक्या करारी चेहऱ्यांमुळे ही माणसे शूरच असली पाहिजेत, असा एक नवाच दंडक तयार होण्याची भीती मला वाटत होती.

आपल्या जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्रीची गोष्ट मला तिथे आठवत राहिली. स्त्रियांसाठी राखीव प्रभागातून भरलेला त्यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज फेटाळला गेला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये त्यांना स्त्री म्हणून लढण्याची मुभा दिली, आणि त्या निवडून आल्या. आपण कोण हे कागदावर कोणी लिहायचे, हा मुहोली यांच्या भिंतीवरचा प्रश्न आपल्याकडे निवडणुकीच्या अर्जावर आला होता.

असे प्रदर्शन खानदेशात भरलेच, तर सुरुवात चेहरे नसलेल्या पहिल्या दालनापासून करावी लागेल, असे लेकीचे म्हणणे आहे, कारण लहान गावात ओळखले जाण्याची किंमत प्रदर्शन भरवणाऱ्याला नव्हे तर चित्रातल्या माणसाला मोजावी लागते. तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. तरीही जिथे एक बाई स्वतःच्या नावाने घरोघरी मते मागून आली आहे, तिथे दारातले पहिले छायाचित्र नावासकट तिचेच असावे, अर्थात तिची तयारी असेल तर, असे मला वाटते.