26 जानेवारीला जोडून विजापूर

26 जानेवारी सोमवारी आली की निम्मं पुणे लोणावळा-महाबळेश्वरकडे सुटतं. आम्ही मित्रमंडळी उलट्या दिशेला, सोलापूर रस्त्याने विजापूरला गेलो. पाट्यांवर 2014 पासून विजयपुरा आहे, बोलण्यात अजून विजापूरच. अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. पहाटे पाचला हडपसर सोडलंत तर भिगवणच्या पुढे उजनीच्या पाण्यावर उजाडताना दिसतं. पुढचा रस्ता इतका सरळसोट की डुलकी लागेल, म्हणून चालवणारे दोघं तरी हवेत. सोलापूरनंतर टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक. भाषेची काळजी नको, मराठी-हिंदीवर सगळं निभतं.

गोलघुमट सकाळी दार उघडतानाच गाठा, बाकी सगळं नंतर. मोहम्मद आदिलशहाची ही कबर. तो 1656 मध्ये वारला. घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर आणि खाली एकही खांब नाही; एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी हा भार पेलला आहे. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्यातून अरुंद जिना वर जातो. पायऱ्या उंच आहेत, गुडघे कुरकुरणाऱ्यांनी खालीच थांबलेलं बरं. वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून पुटपुटलेलं समोरच्या बाजूच्या माणसाला स्पष्ट ऐकू येतं. आमच्यातल्या एकाने पलीकडून उसन्या पैशांची आठवण करून दिली, तीही सगळ्यांना ऐकू गेली. दहानंतर मात्र शाळांच्या सहली येतात, प्रत्येकाला शिट्टी मारून बघायची असते आणि आत नुसता कल्ला उरतो. चपला बाहेर काढाव्या लागतात; जानेवारीत फरशी गार असते, मोजे असू द्या. समोरच्या नगारखान्यात संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असतं.

पण विजापूरला खरं जावं ते इब्राहिम रौजासाठी. स्वतःला जगद्गुरू म्हणवून घेणाऱ्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची ही कबर. आकाराने गोलघुमटापुढे लहान, पण नजर हटत नाही. खिडक्यांच्या दगडात कोरलेली अरबी अक्षरंच जाळी झाली आहेत. दुपार कलल्यावर जा. बहुतेक पर्यटक एव्हाना परतीला लागलेले असतात. इथे तासभर तरी हाताशी ठेवा. आम्हाला तोही कमी पडला.

वाटेत मुलूख मैदान तोफ. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली, वजन 55 टनांच्या घरात, तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात चिरडलेला हत्ती. ती इथवर ओढून आणायला 400 बैल आणि 10 हत्ती लागले असं सांगतात. जवळच उपळी बुरूज आहे. वर चढलं की शहराचा आराखडा एका नजरेत येतो. बारा कमान ही अर्धवट राहिलेली कबर फोटोसाठी ठीक, अर्धा तास पुरे.

मराठी माणसाला विजापूर म्हटलं की अफझलखान आठवतोच. शहराबाहेर पश्चिमेला साठ कबर नावाची जागा आहे. शिवाजी महाराजांवर चालून जाण्याआधी खानाने आपल्या बायकांना मारून इथे पुरलं, अशी दंतकथा. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण काळ्या दगडाच्या ओळीने मांडलेल्या कबरी बघून आमची बडबड आपोआप थांबली. पाटी चटकन सापडत नाही, रिक्षावाल्याला विचारा. अंधार पडायच्या आत परता.

जेवण जोमदार. ज्वारीची पातळ रोट्टी, भरलं वांगं, शेंगा चटणी आणि वर दही. खानावळीत थाळीच मागा. मेन्यूकार्डवरच्या पंजाबी भाज्यांच्या नादी लागू नका. जोडसुट्टीत खोल्या आधी ठरवा. गोलघुमटाजवळ राहिलात तर सकाळी चालत जाता येतं. पुरातत्त्व खात्याची तिकिटं ऑनलाइन काढलीत तर रांग वाचते. शहरात गाडी हॉटेलवर सोडून रिक्षाने फिरा, जुन्या भागातल्या गल्ल्या अरुंद आहेत.

परतताना सोलापूरच्या आसपास हुरड्याच्या पाट्या दिसतील. थांबायचं असेल तर दुपारच्या आत थांबा. सोमवारी संध्याकाळी टोलनाक्यांवर रांगा लागतात आणि हडपसरच्या अलीकडे गाडी जवळजवळ उभीच राहते.