बारीक प्लेटलेट्स

आज नेरुळच्या आमच्या लॅबमध्ये एका तान्ह्या मुलाची स्लाइड पाहताना प्लेटलेट्स नुसत्या कमीच नव्हेत, तर आकारानेही लक्षणीय बारीक दिसल्या. पावसाळ्यात असा रिपोर्ट डेंग्यूच्या खात्यात टाकून मोकळे होणे फार सोपे असते. मात्र अंगभर इसब आणि सतत फुटणारा कान हे वाचल्यावर विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम या प्रतिकारशक्ती दुबळी करणाऱ्या दुर्मीळ आनुवंशिक आजाराची शंका आली. आल्फ्रेड विस्कॉट यांनी १९३७ मध्ये तो तीन भावांमध्ये नोंदवला. बहिणी निरोगी होत्या, कारण सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलींकडे दुसरे एक्स असते. १९९४ मध्ये सापडलेल्या या जनुकाचे प्रथिन पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिन तंतूंना फांद्या फुटण्यास चालना देते. ते नसले की टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणारी पांढरी पेशी, समोरच्या पेशीला नीट बिलगत नाही, संदेशाची देवाणघेवाण अर्धवट राहते आणि जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींना संसर्गाच्या जागेपर्यंत सरकत जाणे जड जाते. प्रतिकारशक्ती म्हणजे केवळ अँटिबॉडी, हा समज मला म्हणूनच अपुरा वाटतो. बालरोगतज्ज्ञांना फोन करून जनुकीय तपासणी सुचवली आहे. निदान पक्के झाल्यास जुळणाऱ्या दात्याच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण करून हा आजार बरा करता येतो, आणि ते लहान वयातच केलेले बरे.