तिसरा तारा काही केल्या चौकटीत बसेना

मोठ्या दुर्बिणीवर रात्र मिळते ती कितीतरी महिने आधी प्रस्ताव लिहून, आणि आकाशातलं आमचं क्षेत्र त्या रात्री जेमतेम साडेतीन तास नीट वर असणार होतं. त्यातली चाळीस मिनिटं मी एका ताऱ्यापायी घालवली, त्याचीच ही गोष्ट.

काम होतं एका दीर्घिका-समूहाचं. एकेका दीर्घिकेचा स्पेक्ट्रम, म्हणजे प्रकाशाचा वर्णपट, घेत बसलं तर आठवडे जातील, म्हणून पातळ पत्र्याचा मास्क वापरतात. आकाशाच्या त्या तुकड्यात दीर्घिका जिथे जिथे आहेत बरोब्बर तिथे लेझरने बारीक फटी कापायच्या, बाकी सगळं झाकलेलं, मग एकाच एक्सपोजरमध्ये तीसेक स्पेक्ट्रम मिळतात. आमच्या स्लिट्स, म्हणजे या फटी, एक आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग) रुंदीच्या होत्या, शिवाय मास्क जुळवायला तीन ताऱ्यांसाठी दोन-दोन आर्कसेकंदांच्या चौकोनी चौकटी.

मास्क लावला, वीस सेकंदांची इमेज घेतली. दोन तारे चौकटीच्या मध्याच्या आसपास, तिसरा पार कोपऱ्याला चिकटलेला, करड्या चौकोनात पांढरा ठिपका. सॉफ्टवेअर म्हणालं थोडं फिरवा, फिरवलं. आता तिघंही थोडे थोडे बाजूला. परत दुरुस्ती, परत तेच. ऑपरेटर शांतपणे म्हणाले, "चालेल का इतकं? वेळ जातोय तुमचा."

खरं सांगते, हो म्हणायचा मोह झाला होता. तिन्ही तारे चौकटीच्या आतच होते की! पण मग मी तिघांमधली अंतरं मोजली. पहिल्या दोघांतलं डिझाईनप्रमाणे अगदी तंतोतंत, तिसऱ्याशी मात्र दोघांचंही अंतर चुकत होतं, म्हणजे मास्क ठीक, दुर्बीण ठीक, तो ताराच जागेवर नव्हता. गाया या अवकाश दुर्बिणीच्या ताऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये शोधला तर प्रॉपर मोशन, म्हणजे ताऱ्याचं आकाशात सरकणं, वर्षाला साधारण ०.०५ आर्कसेकंद. माझ्या यादीतली जागा पंधरा वर्षं जुन्या इमेजवरून घेतलेली, म्हणजे तेवढ्या काळात पाऊण आर्कसेकंद सरकला होता. यादी मीच केली होती आणि वर्षाचा हिशोब करायचा राहून गेला होता.

त्याला जुळणीच्या हिशोबातून काढून टाकला आणि पुढच्याच इमेजमध्ये बाकीचे दोघं चौकटीच्या बरोब्बर मधोमध.

पहिलं तीस मिनिटांचं एक्सपोजर वाचून झालं तेव्हा स्क्रीनवर एकाखाली एक आडव्या पट्ट्या, आणि प्रत्येकीतून उभी जाणारी ५५७.७ नॅनोमीटरची आपल्याच वातावरणातल्या ऑक्सिजनची लखलखीत रेघ. तिच्या जरा अलीकडे, ५४३ आणि ५४७.६ च्या आसपास, एका पट्टीत दोन काळ्या खाचा दिसल्या. कॅल्शियमच्या के आणि एच रेषा, मूळच्या ३९३.४ आणि ३९६.८ च्या, म्हणजे रेडशिफ्ट, रेषा लाल बाजूला सरकण्याचं प्रमाण, ०.३८. मग खालच्या पट्टीत तीच जोडी, त्याच्या खालच्यात परत तीच, म्हणजे सगळ्या एकाच समूहातल्या... अंगावर काटा आला माझ्या.

त्यातल्या सगळ्यात फिकट दीर्घिका मास्कच्या कडेला होत्या, नेमक्या त्या सरकलेल्या ताऱ्याच्याच बाजूला. चुकीच्या जुळणीत तिथल्या स्लिट्स अर्ध्या आर्कसेकंदाने हलल्या असत्या, म्हणजे दीर्घिका थेट फटीच्या काठावर आणि जवळपास निम्मा प्रकाश पत्र्यावर. पट्ट्या दिसल्या असत्याच, फक्त गोंगाटात बुडालेल्या आणि खाचा न सापडणाऱ्या, आणि मी बहुतेक लिहूनही टाकलं असतं की कडेला समूहाचे फिकट सदस्य कमी दिसतात. हा विचार मला अजून छळतो. डेसीसारख्या, एकाच वेळी हजारो स्पेक्ट्रम घेणाऱ्या यंत्रात मास्कऐवजी ५००० छोटे रोबो प्रकाश वाहून नेणारे फायबर जागेवर नेतात आणि एक कॅमेरा उलट बघून प्रत्येक फायबरची जागा तपासतो, पण ताऱ्याची यादीतलीच जागा जुनी असेल तर तो कॅमेरा तरी काय करणार.

दुसऱ्या मास्कची फाईल दुपारपर्यंत पाठवायची होती. पहाटे डोम बंद झाल्यावर मी झोपले नाही, तिच्यातला एकेक तारा निरीक्षणाच्या तारखेला आणून बसवला. अजून एक निघाला, तो बदलला.