'देवराई' तेवढा वगळून

दर महिन्याला आमच्याकडे सिनेमा दाखवून झाला, की खुर्च्या आवरताना कुणीतरी विचारतंच. "काका, 'दोघी' झाला, 'वास्तुपुरुष' झाला, 'अस्तु' तर दोनदा झाला. 'देवराई' कधी?" मी म्हणतो, प्रत चांगली नाही. एकदा म्हणालो, आवाज खरखरतो. दोन्ही खोटं. परवा एका मुलीनं सगळ्यांसमोर धरलं, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकांचं एवढं कौतुक करता, मग त्यांच्या याच सिनेमाशी तुमचं काय वाकडं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुन्हा विचारू नका.

कौतुक खरं आहे. भावेबाई सिनेमा शिकलेल्या नव्हत्या. समाजकार्य शिकवायच्या, वस्तीतल्या बायकांचा अभ्यास करायच्या आणि त्यातूनच १९८५ मध्ये 'बाई' झाला. सुकथनकर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे. पुढे पस्तीसेक वर्षं हे काम चाललं, बहुतेक वेळा पैशाची मारामार करत. 'कासव'ला राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालं तेव्हा आमच्याकडे चाळीस माणसं आली. एरवी वीस-बावीस, आणि त्यातली चार कूलरसाठी.

यांचे सिनेमे म्हणजे रोगांची यादी, असं म्हणणारा एक तरी असतो. 'नितळ'मध्ये कोड, 'अस्तु'मध्ये स्मृतिभ्रंश, 'कासव'मध्ये नैराश्य. त्याच्याशी मी दर वेळी भांडतो. बाप्पा, रोग निमित्ताला आहे. त्यांचा प्रश्न एकच: या माणसाला सांभाळणार कोण? आणि सांभाळणं म्हणजे मायेनं बघणं नव्हे. अंघोळ, जेवण, रात्रीचं जागणं. 'अस्तु'तला संस्कृतचा पंडित हत्तीच्या मागे चालत सुटतो, आणि माहुताची बायको चन्नम्मा त्या परक्या म्हाताऱ्याला लेकरासारखं वागवते. तो तिला आई म्हणतो. अमृता सुभाषला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथं माझे डोळे भरतात, आणि तेव्हा मला स्वतःबद्दल बरं वाटतं. हे आता कळतंय.

'देवराई' २००४ चा. शेषला स्किझोफ्रेनिया आहे, आणि त्याची बहीण सीना त्याला शहरातल्या आपल्या घरी आणते. अतुल कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. बाकी तुम्ही पाहिलेलाच असेल.

आम्ही तो २००६ च्या मे महिन्यात घरी सीडीवर पाहिला. कूलरच्या घरघरीत बोलणं ऐकू येईना म्हणून मी कूलर बंद केला होता. नागपुरात, मे महिन्यात, दुपारी. आई खाली बसून चिंच फोडत होती. चिंचोका निघाला की पितळी डब्यात टाकायची, टक. पुन्हा टक. बायको लेकीला घेऊन आत निजली होती. सीना शेषला घरी घेऊन येते तिथं केव्हातरी ती टकटक थांबली. मी वळून पाहिलं. आईच्या हातात अर्धी सोललेली चिंच तशीच होती. पडद्याकडे बघतच ती म्हणाली, "त्याच्या बहिणीनं तर नेलं रे त्याले घरी."

मी काही बोललो नाही. पाच मिनिटांनी डब्यात टक वाजलं. सिनेमा पूर्ण पाहिला आम्ही. नंतर तिनं चहा केला. मरेपर्यंत पुन्हा तो विषय काढला नाही.

दादाला आम्ही २००३ मध्ये एका संस्थेत ठेवलं होतं. नागपुरात नाही. इथं एका चौकालाच पागलखाना म्हणतात, ऑटोवाले त्याच नावानं ओरडून सवारी भरतात. त्या चौकातून आईला न्यायचं नव्हतं, म्हणून दूरची संस्था. तीन महिन्यांसाठी. नेण्याआधी एका रात्री तो लेकीच्या पाळण्यापाशी उभा होता. हातात काही नव्हतं. तिला हळू आवाजात समजावत होता, की अंबाझरी तलाव फुटणार आहे, तू वरच्या माळ्यावर झोप. बायकोनं दिवा लावला आणि किंचाळली. तुम्ही त्या खोलीत नव्हता. पाळण्यात तुमची दीड वर्षाची पोर नव्हती. लोक मला शांतपणे सांगतात, गोळ्या वेळेवर दिल्या की माणूस घरी राहू शकतो. ठाऊक आहे. गोळ्या मीच देत होतो. तो गालात धरून ठेवायचा आणि तुळशीत थुंकायचा.

तीन महिन्यांचे किती झाले, ते तुम्हीच मोजा.

माझ्या जुन्या वहीत 'देवराई'वर टिपण आहे: "हिरवंगार कोकण, समजूतदार डॉक्टर, आजार सुबक करून मांडला आहे. भाव्यांचा सगळ्यात कच्चा सिनेमा." या टिपणावर मी बरीच वर्षं काढली. दोन-तीन ठिकाणी ठासून बोललोही. मागच्या वर्षी एकट्यानं पुन्हा पाहिला. सुबक वगैरे काही नाही. सीना दमते, तिचं घर विस्कटतं. सिनेमा संपतो तेव्हा आजार संपलेला नसतो. त्या वहीतल्या माणसाला हे दिसलं नव्हतं असं नाही, त्याला ते बघायचं नव्हतं. तरी तो अगदीच चुकला होता असंही मी म्हणणार नाही. शेषच्या तोंडी देवराई आहे, देवाच्या नावानं राखलेलं रान, म्हणून तो आपल्याला कवी वाटतो. दादाच्या तोंडी अंबाझरी होती, आणि आम्हाला तो नुसता त्रास होता.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडली आणि खालच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. आमच्या खालच्या खोलीत गुडघाभर. मी आणि लेक सामान वर नेत होतो. तिला मी त्या रात्रीबद्दल कधी सांगितलेलं नाही. पुढच्या भेटीत दादाला सांगितलं, तलाव भरून वाहिला, तू म्हणायचास तसं. त्यानं विचारलं, "पोरगी वर होती ना?"

'अस्तु'त सांभाळणारी परकी आहे. 'कासव'मध्येही जानकी त्या खचलेल्या पोराला सांभाळते, पण ती त्याची कुणी नाही. परक्यांच्या माणुसकीवर मी तासभर बोलू शकतो, चर्चा घेऊ शकतो. 'देवराई'त सांभाळणारी सख्खी आहे, आणि सिनेमा संपल्यावर खोलीतला दिवा मलाच लावावा लागेल.

दाखवायचा तर दुसऱ्या कुणीतरी दाखवा. प्रोजेक्टर देतो. मी त्या दिवशी येईन की नाही, ते आता विचारू नका. पुढच्या महिन्यात 'दिठी' आहे. मागच्या वेळी खुर्च्या कमी पडल्या होत्या, कुणाकडे मोठी सतरंजी असेल तर घेऊन या.