सुताराने पाहिलेले तोक्यो

आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्यात दर महिन्याला वाचनमंडळ भरते. गेल्या बैठकीत मी जपानी ठसेचित्रांविषयी बोलले. चहा झाल्यावर आमच्यातील सर्वांत वडीलधारे गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, त्यांनी विचारले, ‘ताई, चित्रे सुरेखच आहेत, पण शेवटी जपान्यांनी गोऱ्यांची नक्कलच केली, असेच ना?’ मी तसे नसल्याचे सांगून दोन उदाहरणे दिली आणि तेवढ्यात बैठक संपली. चित्रकला शिकवण्यात माझे सारे आयुष्य गेले असल्यामुळे ‘नक्कल’ हा शब्द मला सहज सोडून देता येत नाही. त्या दिवशीचे माझे उत्तर अपुरे होते, म्हणून ते येथे पुरे करते.

मंडळात मी दाखवलेले पहिले चित्र होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेचे होते. फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांच्या मालिकेतील हे चित्र 1831 च्या सुमाराचे आहे. पुढे मालिकेत आणखी दहा चित्रांची भर पडली आणि एकूण संख्या 46 झाली. जगभर ‘जपानी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चित्रातील गडद निळा रंग मात्र जपानचा नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झालेला हा रंग नागासाकीच्या बंदरातून डच आणि चिनी व्यापाऱ्यांमार्फत जपानात आला. जपानी कारागिरांनी त्याला ‘बेरो’ असे नाव दिले आणि त्यात बर्लिनचाच अपभ्रंश आहे. आपल्या रंगांच्या दुकानात तोच रंग आजही ‘प्रशियन ब्लू’ म्हणून मिळतो. लाटेखाली दूरवर लहानसा दिसणारा फुजीही विलायती यथार्थदर्शनाच्या, म्हणजे जवळचे मोठे आणि दूरचे लहान दाखवण्याच्या, अभ्यासातून आलेला आहे, कारण हे तंत्र तेथील ठसेकारांनी होकुसाईच्या जन्माआधीच, 1740 च्या सुमारास, हाताळायला सुरुवात केली होती. ज्या काळात युरोपीय माणसाला नागासाकीजवळच्या देजिमा नावाच्या लहानशा कृत्रिम बेटापलीकडे राहण्याची परवानगी नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे. अमेरिकेचा आरमारी अधिकारी पेरी आपली जहाजे घेऊन 1853 मध्ये आला आणि मग जपान ‘उघडला’, अशी जी कथा आपण शाळेत ऐकतो, तिच्या कितीतरी आधी रंग, भिंगे आणि पुस्तके आत पोहोचली होती.

त्या पुस्तकांपैकी एकाची हकिकत मला फार प्रिय आहे. 1771 मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, सुगिता गेनपाकू आणि माएनो र्‍योताकू हे वैद्य वधस्थळावर एका मृतदेहाचे विच्छेदन पाहायला गेले. दोघांनीही शरीररचनेवरचे एकच डच पुस्तक बरोबर आणले होते. ते मुळात एका जर्मन ग्रंथाचे भाषांतर होते. समोरचे अवयव आणि पुस्तकातील आकृत्या त्यांनी ताडून पाहिल्या, तेव्हा पुस्तक खरे आणि आपल्या परंपरेने शिकवलेली रचना चुकीची असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्याच दिवसापासून ते भाषांतराला बसले. त्यांच्यात डच भाषा थोडीफार येत होती ती एकट्या र्‍योताकूला. शब्दकोश नाही, शिक्षक नाही, एकेका वाक्यावर दिवस जात, आणि तरीही 1774 मध्ये ‘काइताइ शिनशो’ हा ग्रंथ छापून निघाला. मज्जातंतूला जपानी भाषेत शब्दच नव्हता, म्हणून त्यांनी जुन्या चिनी वैद्यकातील दोन कल्पना जोडून ‘शिन्केइ’ हा शब्द घडवला, आणि तो आजही तेथील रोजच्या बोलण्यात आहे. नवे ज्ञान घेताना त्यांनी आपल्याच जुन्या शास्त्राच्या कोठारातून शब्द काढले, ही बाब वडोदेकरांना परकी वाटू नये, कारण आपल्या संस्थानाने कारभाराच्या परिभाषेसाठी 1931 मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढला तो याच वृत्तीने. त्या वैद्यकग्रंथाच्या आकृत्या ओदानो नाओताके या तरुण चित्रकाराने उतरवल्या. छायाप्रकाश आणि प्रमाण यांचे जे शिक्षण त्याला त्या कामात मिळाले, त्यातून अकिता प्रांतात विलायती धर्तीच्या चित्रांचा एक छोटा संप्रदायच उभा राहिला. वैद्यकाच्या दारातून चित्रकला आत आली, असे मी मुलांना सांगत असे.

आता 1868 नंतरच्या काळाकडे येते, कारण नानांच्या प्रश्नाचा रोख खरा तिकडेच होता. मेइजी सम्राटाच्या नव्या सरकारने परदेशी तज्ज्ञ भरघोस पगारावर बोलावले, वैद्यक जर्मनांकडून, आरमार इंग्रजांकडून, कायदा आधी फ्रेंचांकडून आणि मग बराचसा जर्मनांकडून घेतला. हे सारे पुस्तकांतून पुष्कळ वाचायला मिळते. माझे मन रमते ते मात्र मात्सुमोतो या डोंगराळ गावातील एका सुताराजवळ. त्याचे नाव तातेइशी कियोशिगे. गावाला नवी शाळा हवी होती आणि ती नव्या काळासारखी दिसायला हवी होती. या सुताराने विलायती वास्तुशास्त्र कधी शिकलेले नव्हते. तो तोक्योला गेला, तेथील नव्या इमारती त्याने पाहिल्या, त्यांची टिपणे आणि रेखाटने केली आणि गावी परत येऊन 1876 मध्ये काइची शाळेची इमारत उभी केली.

या इमारतीची छायाचित्रे मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना दाखवली आहेत. कोपऱ्यांवर दगडी चिऱ्यांचे थर दिसतात, पण तो दगड नाही. लाकडी सांगाड्यावर चुन्याचा गिलावा देऊन, जपानी कोठारांच्या भिंती ज्या कसबाने करतात त्याच कसबाने, गवंड्यांनी चिऱ्यांचा आभास उभा केलेला आहे. माथ्यावर अष्टकोनी मनोरा आहे आणि छपरावर मात्र देशी कौले आहेत. प्रवेशद्वाराच्या वर ढगांच्या गर्दीत कोरलेला अस्सल जपानी नाग, ज्याला आपण ड्रॅगन म्हणतो, तो आहे, आणि त्याच्याही वर पंखांची दोन गुटगुटीत विलायती बाळे शाळेच्या नावाची पाटी धरून आहेत. ही बाळे त्याने तोक्योच्या एका वृत्तपत्राच्या शीर्षचित्रावरून घेतली, असे मानले जाते. देवळांसाठी पिढ्यान्‌पिढ्या ढग आणि नाग कोरण्याचे जे काम सुतार करत आले, तेच काम तो येथे करत होता आणि त्या कामात त्याने दोन नवे पाहुणे बसवले. खर्चाचा मोठा वाटा गावकऱ्यांनी वर्गणीने उचलला. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे मुले तेथे शिकली, आणि 2019 मध्ये जपानने ही इमारत राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केली. ज्याचा हात कोरण्यात आणि सांध्यात तयार आहे, ज्याला लाकडाचा स्वभाव कळतो, तो दुसऱ्याची वस्तू पाहतो तेव्हा ती आपल्या हातांनी कशी होईल हे पाहतो, आणि म्हणून त्याने घेतलेली गोष्ट त्याचीच होऊन बसते. माझ्या मते नक्कल आणि स्वीकार यांतील रेषा येथे आहे, आणि नानांना मला हीच इमारत दाखवायला हवी होती.

याच वर्षांत तोक्योमध्ये वास्तुविशारद हा नवा व्यवसाय जन्माला येत होता. जोसाया कॉन्डर हा इंग्रज तरुण 1877 मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायला आला आणि 1879 मध्ये त्याचे पहिले चार विद्यार्थी पदवीधर झाले. त्यांपैकी तात्सुनो किंगोने पुढे जपानच्या मध्यवर्ती बँकेची इमारत 1896 मध्ये आणि तोक्यो स्थानकाची लाल विटांची इमारत 1914 मध्ये पूर्ण केली, तर कातायामा तोकुमाने 1909 मध्ये अकासाकाचा राजवाडा उभारला. कॉन्डरची तोक्योच्या उएनो भागातील संग्रहालयाची इमारत 1881 ची. तिच्यासाठी त्याने कोणती शैली निवडावी? जपानी परंपरा लाकडाची, तिच्यात दगडविटांच्या भव्य इमारतीचे रूप सापडत नाही, असे त्याला वाटले, आणि पूर्वेकडील काही हवे म्हणून त्याने इस्लामी वळणाच्या कमानी आणि घुमट्या घेतल्या. हे मी प्रथम वाचले तेव्हा कितीतरी वेळ थबकून राहिले, कारण अगदी त्याच वर्षांत आपल्या वडोदऱ्यात मेजर मँट आणि त्यांच्यामागून चिझम हे इंग्रज वास्तुविशारद हाच विचार करून लक्ष्मी विलास राजवाडा, कॉलेजचा प्रचंड घुमट आणि पुढे कमाटीबागेतील संग्रहालय उभारत होते. आपल्याकडे त्या रूपाला मुघल आणि सुलतानी इमारतींचा आधार तरी होता. जपानात तसा कोणताच आधार नसल्यामुळे ती इमारत परकीच राहिली, 1923 च्या भूकंपात ती उद्ध्वस्त झाली आणि तिच्या जागी तिच्यासारखी दुसरी कोणी बांधली नाही. आपल्या कमाटीबागेतील संग्रहालयात जपानी वस्तूंसमोर उभी राहिले की मला ही गोष्ट आठवते.

कॉन्डरविषयी आणखी एक सांगायला हवे. तो कावानाबे क्योसाइ या चित्रकाराकडे शिष्य म्हणून राहून जपानी कुंचला शिकला, गुरूने त्याला ‘क्योएइ’ असे चित्रकाराचे नाव दिले, आणि तो शेवटपर्यंत तोक्योतच राहिला. शिकवणारा स्वतः शिकतही होता.

या स्थित्यंतरात ज्यांचे नुकसान झाले त्यांनाही विसरू नये. 1876 च्या फर्मानाने सामुराईंना तलवार बाळगण्याची मनाई झाली आणि तलवारींना मुठी व नक्षी करणारे धातुकारागीर एका दिवसात बेकार झाले. त्यांतील अनेकांनी परदेशी बाजारासाठी फुलदाण्या आणि शोभेच्या वस्तू घडवून पोट भरले. देशी वैद्यांची अवस्था त्याहून कठीण झाली. 1874 च्या वैद्यकीय नियमांनी नव्या वैद्याला पाश्चात्त्य शास्त्रांची परीक्षा बंधनकारक केली, आणि देशी वैद्यकाला मान्यता मिळावी म्हणून आणलेले विधेयक 1895 मध्ये संसदेने फेटाळले. ज्या वैद्यांच्या जिज्ञासेतून शंभर वर्षांपूर्वी ‘काइताइ शिनशो’ निर्माण झाला, त्यांच्याच परंपरेच्या वारसांवर ही वेळ आली, याचे मला मनापासून वाईट वाटते. सुताराने नवे घेतले तेव्हा काय घ्यायचे आणि काय ठेवायचे हे त्याने स्वतः ठरवले. वैद्याला ते ठरवण्याची संधीच दिली गेली नाही.

चित्रकारांची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. ‘बिजुत्सु’, म्हणजे ललित कला, हा शब्दच 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनासाठी घडवावा लागला. त्याआधी पडदा रंगवणारा, मूर्ती कोरणारा आणि लाखेचे काम करणारा हे आपापल्या धंद्यातले माणूस होते. 1876 मध्ये सरकारने तंत्रविद्येच्या अंगाने एक कलाशाळा काढली, इटलीहून फोंतानेझी हा निसर्गचित्रकार शिक्षक म्हणून आला, आणि तेथे मुलींनाही प्रवेश मिळाला. त्यांतील यामाशिता रिन पुढे सेंट पीटर्सबर्गला जाऊन धर्मचित्रे शिकली. ही शाळा 1883 मध्ये बंद पडली. वारे फिरले होते. अमेरिकेहून तत्त्वज्ञान शिकवायला आलेला फेनोलोसा आणि त्याचा विद्यार्थी ओकाकुरा यांनी देशी चित्रकलेचा पक्ष घेतला, आणि 1889 मध्ये सुरू झालेल्या तोक्योच्या कलाशाळेत तैलरंगाला आरंभी जागाच नव्हती. पॅरिसला कायदा शिकायला गेलेला आणि चित्रकार होऊन परतलेला कुरोदा सेइकी 1896 मध्ये तेथे शिकवू लागला, तेव्हा कुठे विलायती चित्रकलेचा विभाग उघडला. देशी चित्रकलेला ‘निहोंगा’ आणि विलायतीला ‘योगा’ ही नावे या ओढाताणीतून रूढ झाली. ताकाहाशी युइचीने तैलरंगात रंगवलेला दोरीला टांगलेला सुका सामन मासा पाहिला की मला आपल्या राजवाड्यातील रविवर्म्याची चित्रे आठवतात. दोघांनीही हे परके माध्यम हस्तगत केले आणि दोघांनीही त्यात आपल्या घरचा विषय मांडला.

ओकाकुरा कलकत्त्याला येऊन रवींद्रनाथ ठाकुरांच्या घराण्याकडे राहिला, आणि त्याच्या पाठोपाठ 1903 मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे तरुण चित्रकार भारतात आले. हे दोघे निहोंगाचे, पण विलायती चित्रांतील हवा आणि धुके यांचा भास त्यांना देशी रंगांत आणायचा होता. त्यासाठी त्यांनी काळी रेषाच सोडून दिली, आणि मायदेशी टीकाकारांनी त्यांना ‘मोरोताइ’, म्हणजे धूसर शैलीवाले, म्हणून हिणवले. कागद ओला करून रंग पसरवण्याची ताइकानची रीत त्याच घराण्यातील चित्रकार अवनींद्रनाथांनी पाहिली आणि त्यातून बंगालची वॉश पद्धत उभी राहिली. अवनींद्रनाथांचे शिष्य नंदलाल बोस 1924 मध्ये रवींद्रनाथांबरोबर स्वतः जपानला जाऊन आले, आणि त्याच नंदलालांना सयाजीराव महाराजांनी, जे 1910 मध्ये जपान पाहून आले होते, वडोदऱ्याच्या कीर्तिमंदिराच्या, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकाच्या, भिंती रंगवायला बोलावले.

त्या भिंतींवरचे काम 1939 मध्ये सुरू झाले आणि 1946 पर्यंत चालले. गंगावतरण, मीरेचे जीवन, नटीची पूजा आणि महाभारताचे युद्ध असे चार विषय चार भिंतींवर आहेत. ताइकानने टाकलेली रेषा नंदलालांनी तोवर पुन्हा जवळ केली होती. त्यांच्यामागे अजिंठ्याच्या प्रतिकृती करण्याचे दिवस होते आणि पूर्वेकडील कुंचल्याचा अनुभवही होता. पुढच्या रविवारी सकाळी नानांना आणि मंडळातील इतरांना घेऊन मी विश्वामित्रीच्या पुलाजवळून कीर्तिमंदिरात जाणार आहे. गंगावतरणाच्या भिंतीसमोर त्यांना उभे करून विचारणार आहे की नाना, यातली कोणती रेषा जपानची, कोणती अजिंठ्याची आणि कोणती बंगालची, हे वेगळे करून दाखवा.