बाकीच्या दोघी

सकाळपासून डोक्यात तेच. मंग्याने ग्रुपवर शाळेतल्या बक्षीस समारंभाचा फोटो टाकला, मधे शिल्पी कप घेऊन, आणि खाली लिहिलंय, आपली चॅम्पियन!! बाकीच्या दोघी कोण रे?

डावीकडची मी. टाईप केलं तसं आणि खोडलं. चाळिशी उलटल्यावर असल्या गोष्टीचं काय वाईट वाटून घ्यायचं. पण वाटलं.

रात्री झोप येईना म्हणून टेनिसच्या जुन्या मॅचेस बघत पडले होते तर २००३ ची ऑस्ट्रेलियन ओपनची मिक्स्ड डबल्सची फायनल समोर आली. लिएंडर पेस आणि मार्टिना नवरातिलोवा. ही मॅच बाबांबरोबर बघितलेली. ती ४६ वर्षांची आणि ग्रँड स्लॅममधली तिची तेवढी एकच ट्रॉफी राहिलेली, त्यात आपला पेस, बाबा खुर्चीत टेकतच नव्हते. ६-४, ७-५. जाऊ दे, बाबांचं नको आत्ता.

तर समोर कोण होतं ते आठवेचना. वुडब्रिजला बघितल्यावर ओळखलं, पण त्याच्या शेजारची? अख्खी मॅच बघितली होती मी आणि ती मुलगी मला दिसलीच नव्हती. मीसुद्धा मंग्याच की मग.

एलेनी दानिलिदू. ग्रीसची, क्रीटमधल्या हानियाची, तेव्हा फक्त वीस वर्षांची. एका हाताने बॅकहँड मारायची, काय सुरेख मारायची! मग काय, दीड वाजेपर्यंत तिचंच वाचत बसले. आदल्या वर्षी हॉलंडमध्ये रॉसमालेनला गवतावर डेमेंटिएवाला हरवून पहिलं टायटल, आणि ही फायनल हरली त्याच जानेवारीत ऑकलंडची स्पर्धा जिंकून आलेली. म्हणजे आम्ही जिला 'समोरची' म्हणून सोडून दिलं ती ऐन भरात होती. मे महिन्यात जगात १४ वी झाली, त्याआधी ग्रीसची कुठलीच बाई एवढ्या वर गेली नव्हती. पण १४ वरच थांबली. टॉप टेन नाहीच. चार पायऱ्या फक्त. आणि २०२१ मध्ये ग्रीसचीच मारिया साक्कारी टॉप टेनमध्ये गेली, पुढच्या वर्षी तर तीन नंबरला, झालं, आता ग्रीसची टेनिसवाली म्हटलं की साक्कारी.

इथे मला जरा रडूच आलं, खरं सांगते. तिच्यासाठी का स्वतःसाठी ते विचारू नका.

मग टायटलं मोजली. दानिलिदूची सिंगल्सची पाच. त्या पहिल्या दोन सोडून २००४ ला परत ऑकलंड, २००६ ला सोल, २००८ ला होबार्ट. साक्कारीची २०२३ पर्यंत दोन! हे वाचून मी अंथरुणात उठून बसले, जसं काही माझंच कोणी जिंकलं. बरं, होबार्टची गंमत म्हणजे फायनल झालीच नाही, समोरच्या झ्वोनारेवाला दुखापत, वॉकओव्हर. एक बॉलही न मारता ट्रॉफी. पण मोजायला बसलं की ती पण पाचात धरतातच की. कोणी म्हणत नाही साडेचार.

माझं दुसरं बक्षीस म्हणजे स्टीलचा डबा, झाकणावर नाव घातलेलं, त्यात आडनावातली वेलांटी चुकलेली. शिल्पीचा कप काळा पडून माळ्यावर गेला, तिनेच सांगितलं होतं मागे. हा डबा अजून रोज ऑफिसला येतो. झाकण घट्ट बसतं, आमटी सांडत नाही, फक्त उघडताना एका बाजूने चमचा घालावा लागतो.

सकाळी ग्रुप बघितला तर मंग्याच्या प्रश्नाला कोणीतरी उत्तर दिलंय, उजवीकडची बहुतेक वैशाली. डावीकडचीचा अजून पत्ता नाही.

डब्याचा फोटो काढलाय, वेलांटीसकट. टाकीन दुपारी, आधी भेंडी चिरते.