कंपाउंडपलीकडच्या भाकरी

मी १९९३ च्या दहावी बॅचचा. मनोगत लिहून द्या म्हणून शाळेतनं फोन आला तेव्हा पहिल्यांदा डोळ्यासमोर आली ती मागच्या कंपाउंडची भिंत, कारण आठवीचं अर्धं वर्ष मी तिच्यावरनं भाकरी फेकल्यात.

माझं गाव दहिवडीच्या पुढं. साताऱ्यात चुलतभावाबरोबर खोलीवर राहायचो आणि डबा गावावरनं एसटीनं यायचा. आई पहाटे चारला उठून भाकरी थापायची, डबा पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडं द्यायची, गाडी पुसेगाव, कोरेगाव करत स्टँडला लागली की आम्ही पोरं डब्यांच्या ढिगातनं आपापलं नाव हुडकायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. मेख त्या रिकाम्या शब्दातच होती. अन्न तसंच परत गेलं तर आईला कळणार, म्हणून मग भिंत.

भूक नव्हती असं अजिबात नाही हो, उलट चौथ्या तासाला पोटात कावळे ओरडायचे. पण बेंचवर शेजारी पेठेतली पोरं, त्यांच्या डब्यात मऊ पोळ्या, कधी ब्रेड-जाम, आणि माझ्या फडक्यात सकाळपासनं वातड झालेली शाळूची भाकरी नि ठेचा. एकदा कोणतरी हसलं. बास, त्या दिवसापासनं मी वडापाववर.

भिंतीपलीकडं कुत्री जमायला लागली आणि शास्त्राच्या सरांना संशय आला. एका दुपारी त्यांनी शिपायाकडनं तिथलं सगळं घमेल्यात गोळा करून वर्गात आणलं. आता मार बसणार म्हणून आम्ही गप्प. तर सरांनी वाण्याकडनं तराजू मागवलेला, एका पारड्यात पोळ्या टाकल्या, दुसऱ्यात भाकरी, आणि भाकरीचं पारडं धाडकन खाली. कुणाच्या ते विचारलंच नाही. एवढंच म्हणाले, शाळू आश्विनाच्या आसपास पेरला की काढणी माघ-फाल्गुनात, तेवढे महिने ते पीक जमिनीतल्या ओलीवर तग धरतं आणि तुम्ही ते मधल्या सुट्टीत संपवता. मग कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगचं सांगितलं, पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. हे आम्ही दर जयंतीला भाषणात ऐकायचो, पण समोर घमेलं असताना ऐकणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी सर स्वतःचा डबा घेऊन आमच्यात येऊन बसले. "माणदेशातला कोण आहे रे? दोन पोळ्या घे, मला एक भाकरी दे." मी लाजत दिली. त्यांनी ती ठेच्याबरोबर खाल्ली, नाकातोंडातनं पाणी, तरी अर्धी आणखी मागितली. आठवड्याभरात पेठेतली पोरं माझ्या ठेच्यासाठी भांडायला लागली, हसलेला तर सगळ्यात पुढं! वडापावचे पैसे वाचले ते वेगळंच.

परवा लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या रिपोर्टमधले आकडे काढत होतो. २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरातनं. लेकीनं चार्टवर कारणं लिहिली, जास्त शिजवणं, जास्त वाढून घेणं, फ्रिजमध्ये विसरणं. मी म्हणलं खाली लाज पण लिही. ती म्हणाली, पप्पा, हे काय कारण असतं का? तिच्या डब्यात काय जातं आणि काय परत येतं ते मी त्या दिवसापासनं जरा बघायला लागलोय.

आईला हे सगळं सांगितलं मात्र गेल्या दिवाळीत. तिनं बहात्तरच्या दुष्काळात मिलोची, म्हणजे परदेशातनं आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी मोजून खाल्लेली, त्यामुळं इतकी वर्षं धीर झाला नव्हता. वाटलं चिडेल, रडेल. ती शेंगा फोडत होती, वर न बघताच म्हणाली, "मला तवाच ठावं हुतं. फडक्याला ठेच्याचा डाग नसायचा."

मग पाठवायचीस कशाला, म्हणलं.

"एखांद्या दिशी खाशील म्हनून."